गादीपाट

दुकानातल्या पोरानं विचारलं,
उशा शिवताय का, ओफाबाई?
मी हो म्हटलं.
सोपं पडतं.

निळ्या पट्ट्यांचा गादीपाट, दीड वार.
बाहेर पायरीवर बसून कडेचा एक दोरा उपसला,
काडी लावली.
राख झाली तर सुती.
वितळून मणी झाला तर लबाड,
परत आत जाऊन पोराच्या तोंडावर टाकायचा.

जाडी मी नखानं बघते.
एल्झीकडे पितळेचं मापक आहे,
इंचाचा हजारावा भाग दाखवतं म्हणे.
चाळीस वर्षांत आमचं एकदाच जुळलं नाही.
तेव्हा मापक फळीवरून पडलेलं होतं.

मग उकळत्या पाण्यातून दोनदा, साबण न लावता.
खळ निघाली पाहिजे.
खळीचं कापड व्याह्यासारखं ताठ येतं,
आत शिरताना कुरकुरतं
आणि ऐन वेळी फाटतं.

चरबीवर बकहॉर्नच्या खिंडीत
जेवढी भांडणं झालीत
तेवढी बांधावरूनही झाली नसतील.
टॉल्बर्ट अस्वलाची वापरतो, जॅमच्या बरणीत ठेवतो,
एकदा त्याच्या नातवानं पावाला लावून खाल्ली.
मोटारीचं ग्रीस कुणी सुचवलं
तर मान हलवावी आणि विषय बदलावा :
काळ्या दारूशी त्याचं डांबर होतं.
नुसत्या थुंकीवर सामना निघतो,
चिंधी जिभेवर घोळवायची, गोळी वर ठेवायची, ठासायची.
पण बार भरून दिवसभर हरणामागे हिंडायचं
तर थुंकी वाळते,
आणि गंज काही सकाळपर्यंत थांबत नाही.

माझं म्हणाल तर
मेंढीची चरबी, मेण,
आणि तिसरं एक.
थंडीत मेण कमी.
नाहीतर हिकरीचा गज अर्ध्या नळीत अडतो
आणि बापेमाणसं देवाचं नाव घेऊ लागतात,
भक्तीनं नव्हे.

बार उडाला की सगळे फळीकडे बघतात.
मी गवतात बघते.
पंधरा पावलांवर चिंधी पडलेली असते, अजून धुमसत.
गोल, मध्ये काळी, कडांना झालर : बरं चाललंय.
मधोमध भोक : चरबी कमी पडली, नाहीतर कापड विरळ.
आरपार चिरा : नळीचं तोंड धारेचं आहे,
तो माझा दोष नाही.
अशा चिंध्या मी एप्रनच्या खिशात घालून घरी आणल्या,
दिव्याखाली मांडल्या,
पुढच्या शनिवारी कापड बदललं.
एल्झी म्हणायचा, बंदूक आता रुळली.

रुळली.
सतरा हॅम, दोन डुकरं,
गिरणीतल्या पाटीवर त्याचं नाव सहा वेळा.

यंदा नोव्हेंबरात त्याची पाळी आली.
त्यानं दारू मोजली, थोडी सांडली,
पुन्हा मोजली.
गज नळीखाली सरकवला
आणि बंदूक माझ्याकडे दिली.
मला वाटलं, जरा धरायला.

लाइनीवर कुणी खोकलं.
टॉल्बर्टनं टोपी काढली,
का ते त्याचं त्यालाही ठाऊक नसावं.
दस्ता खांद्याला लागला तो
त्याच्या कोटासारखाच वास असलेला.
मी माशीच्या टोकावर काळा ठिपका ठेवला,
श्वास कुठे सोडायचा ते आठवेना,
तेवढ्यात चाप ओढलाही गेला.

चार इंच खाली, डावीकडे.
हॅम टॉल्बर्टच्या सुनेनं नेला, नीट मारली तिनं.

धूर पातळ झाला तेव्हा एल्झी गवतात होता,
गुडघ्यांवर,
दोन्ही हातांनी चाचपत.
डोळ्यांचं आता काही खरं नाही त्याच्या.
बराच वेळ लागला. कुणी मदतीला गेलं नाही,
मीही नाही.

सापडली.
त्यानं चिंधी अंगठ्याखाली फिरवली,
कडा चिमटीत धरून पाहिल्या,
नाकाशी नेली.

ओफा, म्हणाला,
याला तू लावतेस तरी काय?

मी एप्रनचा खिसा उघडून धरला,
त्यानं ती आत टाकली.
घरी चल, म्हटलं.
गार पडलंय.